शेरडमाऱ्याचा पंप

भुंडी मेली तेव्हा तिच्या पोटातलं करडू हलत होतं. मी पोटावर हात ठेवला तर आतून लाथ बसली. सुनेला म्हटलं, "विळा दे." ती नुसती बघत राहिली. मी परत ओरडले तेव्हा तिनं सीटच्या मागून विळा काढून दिला. डांबरी रस्त्याच्या कडेला, डोक्यावर ऊन, शेजारून ट्रक जात होते आणि मी मेलेल्या शेळीचं पोट फाडलं. करडू बाहेर काढलं. मादी होती, म्हणजे पाट, तांबड्या ठिपक्यांची. तिच्या नाकातला चिकटा तोंडानं ओढून थुंकले, मागचे पाय धरून तिला झुलवलं, छाती चोळली. तिनं एकदा तोंड उघडलं. आवाज आला नाही. परत उघडलं नाही.

हात धुवायला पाणी नव्हतं. कॅनमध्ये होतं तेवढं शेरडांना पाजून संपलं होतं. पदराला हात पुसले आणि गाडीतली बाकीची बघायला उठले. काळी शेळी जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. तिच्या पलीकडं दोन शेरडं एकमेकींच्या अंगावर पडली होती आणि त्यातली खालची कधीच गेली होती.

हे एका पेट्रोल पंपामुळं झालं. त्या पंपाचं पाटीवरचं नाव मी सांगणार नाही. त्याला आता दुसरं नाव आहे. ते मी ठेवलं.

आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं, कुसळाच्या रानात. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर नुसती शेरडं-मेंढरं. त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला. माझी धाकटी बहीण करकंबला दिलेली आहे. तिच्याकडं कालव्याचं पाणी, ऊस, बांधाला हिरवं. फोनवर म्हणाली, "आक्का, शेरडं हिकडं आण. पाऊस पडंपतूर ऱ्हाऊ देत हितं. उसाच्या वाढ्यावर जगतील." मी बरं म्हटलं.

बारा शेरडं होती. त्यातल्या पाच गाभण. घरची जमीन नवऱ्याच्या नावावर होती, ती आता मुलाच्या नावावर आहे. माझ्या नावावर काहीच नाही. शेरडं तेवढी माझी. लग्नात बापानं एक शेळी दिली होती, तिच्याच वंशातली ही सगळी. म्हाताऱ्या माणसाला घरात कोण विचारतं? मला विचारत होते, कारण शेरडं माझी होती. दूध कुणाला द्यायचं, बोकड कधी विकायचा, हे मी ठरवत होते. शेरडं गेली की मी कोपऱ्यात बसून चहाची वाट बघणारी म्हातारी. हे मला गाडीत बसतानाही ठाऊक होतं.

गाडी म्हणजे छोटा हत्ती. मुलगा पुण्याकडं कंपनीत आहे. जायच्या आधी त्यानं ती धंद्यासाठी घेतली होती, धंदा त्याला जमला नाही. सून चालवायला शिकली. सकाळी दुधाचे कॅन नेते, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांचा माल नेते. सुरुवातीला बायका हसल्या. आता त्याच बायका तिच्या शेजारी बसून दवाखान्यात जातात. ती गाडी चांगली चालवते. तिच्या तोंडावर मी हे कधी म्हटलेलं नाही.

पहाटे निघायचं होतं, पण शेरडं चढवण्यात आणि आखूड दाव्यानं बांधण्यात ऊन वर आलं. हौद्यावर ताडपत्री ओढून सावली केली. गाडी पळत होती तोवर खालून वारा लागत होता आणि शेरडं निवांत रवंथ करत होती. मी मागच्या काचेतून सारखी बघत होते.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि सून म्हणाली, "आत्या, काटा खाली आलाय. पंपावर घेऊ."

पंप नवाकोरा होता. वर उंच छप्पर, खाली फरशी धुतलेली, आणि सावली इतकी गार की मी दार उघडून पाय बाहेर सोडले. सुनेला जाऊन यायचं होतं. संडासाला कुलूप होतं आणि किल्ली मालकाकडं. मालक काचेच्या खोलीत. ती किल्ली मागायला गेली. पंपावर बाईमाणसानं किल्ली मागायला पुरुषापुढं जाऊन उभं राहायचं, ही रीत कुणी काढली त्यालाही मी कधीतरी बघून घेणार आहे.

तेवढ्यात भरणारा माणूस आला. पंचविशी-तिशीचा असेल. दोन्ही कानांत गाणी ऐकायची बोंडं. माझ्या आधी मोटारसायकलींची रांग त्यानं संपवली होती.

"काय टाकू, मावशी?"

"तेल टाक. दुसरं काय टाकतोस, दूध?"

तो हसला. "किती?"

"टाकी भर."

"झिरो बघा."

मी झिरो बघितला. झिरोच होता. सून आली, तिनं पैसे दिले, निघालो.

आता हा तेल शब्द नीट समजून घ्या, कारण पुढं सगळं भांडण त्याच्यावर झालं. आमच्याकडं विहिरीवर इंजिन असायचं. इंजिनाला घालायचं ते तेल. ट्रॅक्टरला घालायचं ते तेल. म्हणजे डिझेल. मोटारसायकलीत घालतात ते पेट्रोल, त्याला आम्ही पेट्रोलच म्हणतो. कढईत घालतो ते गोडंतेल. माझा जन्म यात गेला आणि कधी घोटाळा झाला नाही. पण मोटारसायकलवाली पोरं पेट्रोललाच तेल म्हणतात. 'गाडीत तेल न्हाय' असं म्हणून ढकलत नेतात ना, ते पेट्रोल. या माणसाचा सगळा दिवस मोटारसायकली भरण्यात जायचा. त्यानं हातात होती तीच नळी आमच्या टाकीत घातली. छोटा हत्ती हल्ली पेट्रोलवरचाही मिळतो म्हणे. आमचा डिझेलचा. टाकीच्या झाकणावर तसं इंग्रजीत लिहिलेलं आहे. मी चौथीपर्यंत शिकले, मला इंग्रजी वाचता येत नाही. त्याला येत होतं. आणि झाकण त्याच्या हातात होतं.

थोडं अंतर गेलो आणि गाडी आचके द्यायला लागली. खडखड वाजली, पुढं उडी घेतली, मागं ओढली. हौद्यात शेरडं एकीवर एक आदळलेली मी ऐकली. मग गाडी बंद पडली.

सुनेनं किल्ली फिरवली, परत फिरवली. नुसती घरघर. खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं आणि नाक लावलं.

"आत्या, पेट्रोल हाय की ह्ये!"

"काय म्हणतीस?"

"पेट्रोल भरलंय त्या मुडद्यानं!"

तो रस्ता चौपदरी केला तेव्हा दोन्ही बाजूंची लिंबं आणि चिंचा तोडल्या. नजर जाईल तिथपर्यंत एक झाड नाही. दोन्ही कडांना पत्र्याचे कठडे, मध्ये दुभाजक. शेरडं खाली उतरवली असती तर ट्रकखाली गेली असती. गाडी उभी राहिली आणि वारा थांबला. ताडपत्रीखाली भट्टी झाली. ताडपत्री काढली तर वरून ऊन. परत घातली. परत काढली. लोखंडी तळ पायाला चटके देत होता. सून रस्त्यावर उभी राहून प्रत्येक गाडीला हात करत होती. मोटारी जोरात निघून जात होत्या. आतल्या काही माणसांनी आमच्याकडं बघितलं, हे मी बघितलं. दाव्याला लटकलेली एक शेळी मी विळ्यानं दावं कापून मोकळी केली, तोवर ती गेली होती. मग भुंडी खाली उतरवली, गाडीच्या चाकाशी जी वीतभर सावली होती तिथं आडवी केली. पुढचं सांगितलं आहे.

शेवटी मुरमाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टरवाला थांबला. डोक्याला टॉवेल, दाढी पांढरी. त्यानं एकदा बघितलं आणि साखळी काढली. मी भुंडी आणि तिचं करडू उचलून हौद्यात मेलेल्या दोघींशेजारी ठेवलं. तो म्हणाला, "मेल्याली कशाला घेती, आक्का?"

"दाखवायला लागत्यात," मी म्हटलं.

त्यानं साखळी लावली आणि आम्हाला उलटं पंपावर ओढत नेलं.

तोवर माझ्या मनात सूड नव्हता. हे मी खरं सांगते. त्या भरणाऱ्याला दोन कानाखाली वाजवून, शेरडं सावलीला उभी करून, पाणी पाजून, टाकी रिकामी करून घेऊन मी निघाले असते. नऊ शेरडं जिवंत होती. त्यांना सावली आणि पाणी पाहिजे होतं. आणि पंपावर तेच दोन्ही होतं.

गाडी छपराखाली घ्यायला गेलो तर काचेच्या खोलीतून मालकाचं पोरगं बाहेर आलं. पोरगं म्हणजे लग्नाच्या वयाचं, अंगावर पांढरा शर्ट, हातात मोबाईल. पंप बापाचा, पण बसायचा हा.

"ओ, थांबा. ती जनावरं छपराखाली न्हाय आणायची."

मी म्हटलं, "तुझ्या माणसानं डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंय. माझी तीन शेरडं मेली. ही बाकीची जरा सावलीला बांधते आन् पाणी दे."

"पंप हाय ह्यो, आजी. लेंड्या टाकतील. गिऱ्हाईक येतंय हितं."

"लेंड्या मी उचलते. पाणी दे आदी."

"पाणी माणसांना हाय."

भिंतीवर पाटी होती. मी बोट लावून, अक्षरं जोडत मोठ्यानं वाचली. "पिण्याचे पाणी. ह्यात माणसांना कुटं लिवलंय?"

"आता ते बी लिहायचं का?" तो म्हणाला, आणि मागं काचेच्या खोलीत बसलेला त्याचा दोस्त खीखी करून हसला.

तेवढ्यात भरणारा कानातली बोंडं काढत आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण मालकासमोर त्यानं अंग काढलं. "मालक, मी विचारलं व्हतं. ह्या तेल म्हणल्या."

"ऐकलं का?" पोरगं सुनेकडं वळून म्हणालं. "तुमच्या म्हातारीनं तेल सांगितलं. त्यानं तेल भरलं. सगळ्या जगात तेल म्हंजी पेट्रोल."

ट्रॅक्टरवाला साखळी सोडत होता. तो उभा राहिला. "कुटल्या जगात ओ, शेठ? मी रोज हितं येऊन तेल म्हणतो. मला डिझेल देतोय की ह्यो."

"तुमचा ट्रॅक्टर हाय. दिसतंय की."

"मग आक्काची शेरडाची गाडी तुमाला फटफटी दिसली व्हय?"

रांगेतली दोन-चार माणसं हसली. पोरग्याचे कान लाल झाले. माणसाचं हसू झालं की तो दोन गोष्टी करतो, एक तर ऐकतो, नाही तर अडतो. तो अडला. "गाडी बाहेर घ्या. आदी बाहेर घ्या, मग बोलू. न्हायतर पोलिसाला फोन लावतो. ज्वालाग्राही जागा हाय ही."

सून म्हणाली, "दादा, पाया पडते. गाभण हायेत. पाच मिन्टं सावली द्या."

ती त्याच्या पाया पडायला वाकली. खरंच वाकली. मी तिचा दंड धरून उभी केली. त्या पोरग्यानं पाय मागंसुद्धा घेतला नाही, वाकू दिलं. बारा वर्षं ती माझ्या घरात आहे. माझ्या पायाशिवाय कुणाच्या पायाला तिनं हात लावलेला नाही, आणि माझ्याही सणासुदीलाच.

काळीनं मान टाकली ती याच वेळी. आधी गुडघे टेकले, मग कूस. हौद्याच्या फळीला डोकं आपटलं तो आवाज सगळ्यांनी ऐकला. छपराची सावली गाडीच्या पुढच्या चाकापाशी संपत होती. काळी मागच्या फळीला होती. सहाव्या वेताची शेळी, तिच्या दुधावर माझा नातू वाढला. मध्ये एका गाडीचं अंतर.

मग मी बोलायचं थांबवलं.

फळी पाडली. काळीचे मागचे पाय धरले आणि तिला फरशीवरून ओढत नेली, थेट मशिनीपाशी, जिथं गाड्या उभ्या राहतात तिथं. ठेवली. परत आले, भुंडी ओढली. तिचं पोट उघडं होतं, फरशीवर पट्टा उमटत गेला. तिच्यापाशी तिचं करडू ठेवलं. ट्रॅक्टरवाला उरलेली दोन ओढायला लागला, त्याला मी काही सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या वाटेत शेरडं आडवी घातली. कुणाची गाडी मशिनीपाशी येईना. येणार कशी, मेलेल्या जनावरावरून चाक घालायला कुणी धजत नाही.

भरणाऱ्याला मी म्हटलं, "मगाशी झिरो बघा म्हणत व्हतास. आता ह्ये बघ."

पोरगं ओरडायला लागलं. "ए म्हातारे! उचल ते! उचल म्हणतो ना!"

"तू उचल."

"मी पोलीस बोलावतो."

"बोलाव. त्येंच्याबी गाडीला तेल लागतंयच की. कुटलं ते नीट इचारून भर."

लोक जमले. मोबाईल वर निघाले. मोटारसायकलवरचा एक टोळभैरव म्हणाला, "आजी, ताजं मटण वाया चाललंय." त्याच्याकडं मी विळ्यासकट वळले, तसा तो गाडी ढकलत मागं गेला. बाकी कुणी विनोद केला नाही. एक बाई स्कुटीवरून उतरली आणि तिनं आपल्या बाटलीतलं पाणी हौद्यातल्या शेरडांना पाजलं. मग आणखी दोघांनी पाजलं. तेव्हा कुठं काचेच्या खोलीतून बापाला फोन झाला असावा, कारण पोरग्याचा सूर बदलला.

"बरं, घ्या सावलीला. घ्या. पाणी देतो. पण आदी ही मेल्याली उचला."

"आदी पाणी. आदी सावली. आदी माझी जिवंत उठू देत. मग मेल्याल्याचं बोलू."

शेरडं छपराखाली बांधली. सुनेनं नळाला बादली लावली. एकीला पाणी गिळता येईना, तोंडातून परत येत होतं. ती तिथंच गेली, सावलीत. म्हणजे पाच झाली. ती पण मी ओढून रांगेत ठेवली.

टाकी रिकामी करायला भरणाऱ्यानं नळी तोंडात धरून ओढली. घोट तोंडात गेला आणि तो भिंतीला धरून ओकला. मला बरं वाटलं. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. मी झाले नाही.

पोरग्याला मी एकच गोष्ट करायला लावली. पैसे त्यानं दोनदा पुढं केले, ते मी घेतले नाहीत. म्हटलं, "ह्येंना पुर. पंपाच्या मागं तुझं रान हाय ना, तितं. दुसऱ्याला सांगायचं न्हाय. तू उचलायचं."

त्यानं खड्डा मशीन लावून काढला, तेवढी सूट मी दिली. पण शेरडं त्याला उचलावी लागली, सगळ्या लोकांदेखत. तो पांढरा शर्ट. भुंडी उचलताना त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "बघून उचल. पडंल."

टाकीत डिझेल भरल्यावर गाडी सुरू झाली आणि संध्याकाळी करकंबला पोचलो. बहिणीनं दारात हळदीचं पाणी, गूळ, काय काय तयार ठेवलं होतं. रात्रीत आणखी दोन गेली. एक गाभडली, करडू टाकून मग गेली, एक नुसतीच. बहीण म्हणाली, "आक्का, झालं गेलं. देवाच्या मनात आसंल." मी म्हटलं, "देवाला ह्यात घेऊ नगंस. देवाचा पंप न्हाय."

रात्री झोप नाही म्हणून मी विचार करत बसले नाही. मला विचार करायची गरज नव्हती. मला त्या पंपाचं नाव सापडलं होतं.

पुढच्या रविवारी सांगोल्याच्या शेळीबाजारात गेले. विकायला काही नव्हतं. नुसती गेले आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांमध्ये बसले. एकानं विचारलं, "मावशी, शेरडं कुटं?" मी सांगितलं. शेवटी म्हटलं, "त्यो शेरडमाऱ्याचा पंप हाय बघा मोठ्या रस्त्यावर, तितं पाणी मागू नगा." तो म्हणाला, "शेरडमाऱ्या?" आणि जिभेवर घोळवून बघितलं. बस झालं. शेळीबाजारातली माणसं जनावरं घेऊन चार तालुके फिरतात. त्यांच्यासारखी पेरणी कुणाला जमत नाही.

एसटीत बसले की कंडक्टरला म्हणायचं, "शेरडमाऱ्याच्या पंपाम्होरं थांबिवशीला का?"

"ह्यो कुटला पंप, आजी?"

मग सगळी गाडी ऐकेल असं सांगायचं. पिठाच्या गिरणीत सांगितलं, लग्नांत पंगतीला बसून सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. सून दुधाच्या कॅनवाल्यांना सांगत नव्हती, पण मी सांगितलेलं खोडूनही काढत नव्हती. ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्या बाजूनं काम केलं असणार, कारण मुरमाच्या ट्रॉल्या तिथं थांबायच्या बंद झाल्या. पुढचे लोक आपलं आपण वाढवायला लागले. तिथं तेलात पाणी असतं, तिथं माप कमी असतं. हे मी कधीच म्हटलं नाही. मला जे ठाऊक नाही ते मी म्हणत नाही. पण कुणी म्हटलं तर अडवलंही नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी एसटीतून करकंबला निघाले होते. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई, मांडीवर लेकरू. रस्त्याकडं बोट करून ती लेकराला म्हणाली, "त्यो बघ शेरडमाऱ्याचा पंप." मी खिडकीतून बघितलं. छपराखाली एक मोटारसायकल होती. मला इतकं समाधान वाटलं की बहिणीकडं पोचल्यावर मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यांनी पाटी बदलली. छपराला नवा रंग दिला. जनावरांसाठी सिमेंटचा हौद बांधला आणि त्यावर 'जनावरांसाठी पिण्याचे पाणी' असं लिहिलं. लोक हौदाकडं बोट करून गोष्ट सांगायला लागले. हौदामुळं त्यांचं फार वाईट झालं. नसता बांधला तर काहीजण विसरले असते.

मग एक दिवस ते मालकाचं पोरगं आमच्या दारात आलं. बरोबर त्याचा मामा, पांढरी टोपी, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी अंगणात करडांना पाला टाकत होते. उठले नाही. सुनेनं पाणी दिलं. त्याला पाणी दिलं म्हणून मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "पाणी हाय, आत्या. पाणी देत्यात आपल्यात." मी परत पाला टाकायला लागले.

मामा म्हणाला, "मावशी, पोराचं लग्न मोडलं. दोन ठिकाणी झालं आसं. मुलीकडचे म्हणत्यात, शेरडमाऱ्यात पोरगी द्यायची का? तुमी थोर हाय. तुमी लोकांस्नी सांगा, झालं ते चुकून झालं."

"भरताना चुकलं ते चुकलं," मी म्हटलं. "सावली चुकून अडवली व्हय?"

मामाला सावलीचं ठाऊक नव्हतं. त्यानं भाच्याकडं बघितलं. भाचा खाली बघत होता. त्यानं घरी फक्त तेलाची गोष्ट सांगितली होती, ते मला तिथंच कळलं.

"मी नाव घ्यायचं सोडलं तरी लोक कसं सोडतील?" मी म्हटलं. "ते आता माझं न्हाय ऱ्हायलं."

हे खरं होतं. आणि ते माझं राहिलं असतं तरी मी सोडलं नसतं, हेही खरं होतं. सून आतून म्हणाली, "आत्या, बास करा की आता." त्याच्या पाया पडायला वाकली ते तिनं मनावेगळं केलं असेल. मी केलेलं नाही. ती वाकलेली आणि त्यानं पाय मागं न घेतलेला, हे मी डोळे मिटले तरी दिसतं.

जाताना पोरगं दारात थांबलं. त्या दिवसापासून पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोललं.

"आजी, एक इचारू? लोक पन्नास म्हणत्यात, साठ म्हणत्यात. मी तर पाचच पुरली. मागनं आणखी गेली का? ऱ्हायली किती?"

दोन वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. मी पाला खाली ठेवला आणि त्याला सांगितलं, कारण विचारलेल्याला खरं सांगावं.

बारा चढवली होती. सात मेली. जगली ती तांबडी, दोन्ही बांड्या, मोडक्या शिंगाची, आणि एक पाट, जिचं नाव तेव्हा ठेवलं नव्हतं. आणि आम्ही दोघी.